अर्धा इंच म्हणजे एक फूट

(1995 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख ‘कलाकार’ अशी करून दिली. तुम्ही हसलात ते मी पाहिलं. माझं लातूरला छपाईचं काम आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, फ्लेक्स, निवडणुकीत पत्रकं. रात्री दुकान बंद झालं की मी घरी छोटी घरं करतो. त्या घरांतल्या भिंतींवर छोटे कागद चिकटवतो आणि ते जुने करतो. नवा कागद मुद्दाम जुना करायचा, हा माझा छंद. आमच्या घरी याबद्दल जे मत आहे ते मी इथं सांगत नाही.

आयोजकांनी पंधरा मिनिटं दिली आहेत. तेवढ्यात मी हे काम कसं करतात ते सांगणार आहे, आणि गेल्या वर्षी केलेल्या एका घराबद्दल सांगणार आहे.

या प्रकाराला डायोरामा म्हणतात. शब्द परका आहे. पॅरिसमध्ये 1822 साली लुई दागेर यांनी मोठमोठे रंगवलेले पडदे आणि उजेडाचा खेळ मांडून एक प्रेक्षागृह सुरू केलं, त्याचं नाव डायोरामा. हेच दागेर पुढं फोटोग्राफीचे जनक म्हणून ओळखले गेले. आता हा शब्द ठरावीक मापात केलेल्या छोट्या देखाव्याला वापरतात. शब्द परका असला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. दिवाळीच्या सुटीत आपण औशाचा भुईकोट अंगणात करायचो, खंदकात पाणी सोडायचो, ते झिरपून जायचं आणि पुन्हा सोडायचो. तोही डायोरामाच. फरक मापाचा. आपल्या किल्ल्यात मावळा बुरुजाएवढा असायचा आणि त्याच्या शेजारी प्लास्टिकचा वाघ मावळ्याहून मोठा. कुणाची हरकत नव्हती.

डायोरामात माप पाळावं लागतं. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, 1998 पासून. पोरांना घेऊन गेलात तर बघा, तिथलं मुख्य माप एकास सत्त्याऐंशी आहे, म्हणजे खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग. मी घरं एकास चोवीसनं करतो. हे माप आपल्या लोकांना सोपं जातं. फूट म्हणजे बारा इंच, त्याचा चोविसावा भाग अर्धा इंच. अर्धा इंच म्हणजे एक फूट, एवढं लक्षात ठेवलं की झालं. सहा फुटांचा माणूस तीन इंचांचा. पाच फुटांचं दार अडीच इंचांचं. आपल्याकडं गावातली जुनी माणसं घर फुटांत सांगत नाहीत, खणांत सांगतात, ते आपण मोजून घ्यायचं.

आता कागद. तुमच्यासमोर कार्यक्रमपत्रिका आहे, तिचा कागद साधा झेरॉक्सचा आहे. त्याची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर. तोच कागद छोट्या घराच्या भिंतीवर लावला, तर चोवीसनं गुणा. 2.4 मिलिमीटर. म्हणजे त्या घरातल्या तीन इंची माणसाच्या दृष्टीनं भिंतीवर कॅलेंडर नाही, पाटी टांगलेली आहे. म्हणून पहिलं काम कागद पातळ करण्याचं. छापलेला कागद पालथा काचेवर धरायचा आणि मागून झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासत जायचं. उजेडात धरल्यावर बोट दिसायला लागलं की थांबायचं. दुसरा उपाय म्हणजे पूर्वी टाइपिंगला कार्बनखाली घालायचो तो पातळ कागद. जुन्या स्टेशनरीच्या दुकानात एखादं रीम अजून निघतं. मला आपल्याच गावात निघालं.

छापताना लेझर प्रिंट घ्यावी. इंकजेटची शाई ओली झाली की पसरते, आणि या कामात कागद चार वेळा ओला होतो.

आता तो जुना करायचा. बहुतेक जण लगेच चहात बुडवतात. सगळा कागद सारखा तपकिरी होतो, आणि कागद तसा कधीच जुना होत नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्या लगद्यात लिग्निन नावाचा पदार्थ राहतो आणि उजेड व हवा लागली की तो पिवळा पडतो. हवा कडेनं आत शिरते, म्हणून पिवळेपणाही कडेनं आत येतो. गठ्ठ्यातला मधला पेपर काढून बघा, कडा पिवळ्या आणि पोट पांढरं. म्हणून चहा ब्रशनं, कडेवरून आत, आणि मधे सोडून द्यायचं. चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा, नाहीतर मुंग्यांचा डायोरामा होतो. काही जण हळद वापरतात. ती वापरू नका. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे घरातल्या बायकांना विचारा. साडीवर हळद सांडली की त्या साडी उन्हात टाकतात. तुमचा पिवळेपणा तसाच दोन महिन्यांत उडून जाईल.

बाहेरच्या भिंतीवरच्या पोस्टरचं शास्त्र वेगळं. छपाईत चार शाया असतात: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. उन्हात सहसा पिवळी आणि मॅजेंटा आधी उडतात, सायन आणि काळी टिकतात. म्हणून बसस्टँडवरचं जुनं सिनेमाचं पोस्टर निळसर दिसतं, नायिकेचे गालही निळे. असं पोस्टर करायचं तर छापण्याआधीच कॉम्प्युटरवर लाल आणि पिवळा कमी करायचा. त्यावर चहा लावायचा नाही. उन्हानं फिका झालेला कागद आणि धुरानं काळा झालेला कागद, यांची दुखणी वेगळी.

पाण्याचा डाग सगळ्यांत सोपा, कारण तो स्वतःच होतो. कागदावर चहाचा एक थेंब ठेवा आणि हात लावू नका. वाळताना रंग कडेला सरकतो आणि गडद कड उमटते. गळक्या माळवदाखालच्या भिंतीवर जी कड दिसते, ती अगदी हीच. धुरासाठी कोळसा कुटून मलमलच्या कापडातून गाळायचा आणि कोरड्या ब्रशनं लावायचा. धूर वर जातो, म्हणून काळेपणा वर जास्त, खाली कमी. चुलीकडच्या बाजूला जास्त, पलीकडं कमी. फाटलेला कागद दाखवायचा तर कात्री लावायची नाही, फाडायचा. फाडल्यावर पांढरी कड दिसते, तिच्यावर तपकिरी पेन्सिल फिरवायची, कारण जुना कागद फाटला तेव्हाची कडसुद्धा आता जुनी झालेली असते. कसर लागलेला कागद दाखवायचा तर सुईनं वरचा पापुद्रा खरवडायचा. कसर वरून चरत जाते, आरपार भोक पाडतेच असं नाही. शेवटी मॅट व्हार्निशचा एक हात. चकाकी आली की सगळं खेळणं दिसतं.

थोडक्यात, प्रत्येक डागाला कारण पाहिजे. खिडकी कुठं, चूल कुठं, पाणी कुठून आलं, हे ठरल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही.

आता त्या घराबद्दल. आपण नववीत होतो तेव्हा 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. त्या दिवसाबद्दल या सभागृहात कुणाला काही सांगायची गरज नाही. किल्लारी आपल्याच तालुक्यातली. पुढच्या जूनमध्ये आपल्या वर्गात दहावीला एक मुलगा आला, भूकंपातल्या एका गावाचा. तो आज इथं आहे. नाव घेऊ नकोस म्हणाला, म्हणून घेत नाही. हे सगळं सांगायची परवानगी त्यानं आणि त्याच्या आईनं दिली आहे.

गेल्या वर्षी तो दुकानात आला. पोराच्या मुंजीची पत्रिका छापायला आला होता. कपाटावर ठेवलेलं छोटं घर त्यानं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “आमचं घर होईल का?” त्याच्याकडं घराचा एकही फोटो नव्हता. त्या गावांतल्या कितीतरी घरांचे फोटो नाहीत. घरातला एखादा फोटो असलाच तर तो घरातच होता. 52 गावं नव्या जागी वसली. नवी गावं आखीव, रुंद रस्त्यांची. जुन्या गावठाणावर आता गवत आणि बाभळी. मोजायला दगडसुद्धा जागेवर नव्हते.

म्हणून आम्ही त्याच्या आईकडं गेलो. तिला मी मामी म्हणतो. मामींनी घर सांगायला सुरुवात केली ती पायरीपासून. ढेळज, मग ओसरी, मग तीन खणांची माजघर-स्वयंपाकघर. भिंती दगडमातीच्या, हात पसरला तरी कवेत न येणाऱ्या. वर माळवद, त्यावर पावसाळ्यात गवत उगवायचं. दाराची उंची किती, तर त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चौकट मला इथं लागायची,” आणि हात कपाळाला लावला. मी टेपनं मोजलं. चार फूट नऊ इंच. म्हणजे माझ्या मापात दोन इंच आणि तीन अष्टमांश पट्टी झाली असती, पण मी अष्टमांशाची भानगड न करता सरळ मिलिमीटरमध्ये साठ धरले. वाकूनच आत जावं लागायचं.

भिंती झाल्या, माळवद झालं, चूल झाली. मग कागद आले आणि खरा प्रश्न तिथं आला. कागद जुने करायचे तर कोणत्या दिवसापर्यंतचे? माणसाच्या घरात कॅलेंडर असतं आणि कॅलेंडरला महिना असतो. मित्र म्हणाला, सप्टेंबर लाव. त्याच्या दृष्टीनं घर तिथंच थांबलेलं होतं. मामी म्हणाल्या, “त्यो महिना माझ्या भिंतीवर नको.” थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, “धोंड्याचा लाव.”

1993 साली अधिक भाद्रपद होता. 17 ऑगस्टला, मंगळवारी, पोळा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून धोंड्याचा महिना लागला. त्या महिन्यात त्यांची थोरली लेक आणि जावई माहेरी जेवायला आले होते. जावयाला अनारसे घातले, चांदीचं निरांजन घेणं झालं नाही म्हणून तांब्याचं दिलं. कॅलेंडरवर त्या तारखेला मामींनी कुंकवाचं बोट लावलं होतं. ती लेक पुढं गौरी-गणपतीलाही माहेरीच राहिली. यापुढचं मी सांगत नाही.

तर महिना ठरला, ऑगस्ट 1993. एकदा महिना ठरला की घरातला प्रत्येक कागद त्याच्या मागं येतो. मी ओसरीसाठी रंगीत पताका कापून ठेवल्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या, कारण गणपती अजून यायचे होते. त्यांच्या जागी पोळ्याचं बेगड आलं. बैलांच्या शिंगांना लावून उरलेला चमकता कागद खुंटीशी खोचलेला, दोनच दिवसांचा, म्हणून त्याला जुनेपणा अजिबात नाही. कॅलेंडर आठ महिने चुलीच्या खोलीत टांगलेलं, म्हणून वरची कड काळपट आणि खालचं पान महिन्याचंच, बऱ्यापैकी पांढरं. दीड फुटांचं कॅलेंडर पाऊण इंचांत बसवलं. 1 तारीख रविवारी येते, ते पडताळून घेतलं. एका तारखेचा चौकोन दोन मिलिमीटरही भरत नाही. त्यात दुधाच्या रेघा ओढल्या आणि एका चौकोनात सुईच्या टोकानं कुंकू ठेवलं. रंग नाही, मामींच्या करंड्यातलं कुंकू.

शेवटचा कागद मामींनी आपण होऊन सांगितला. 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या भागात धक्के बसत होते, तुमच्यातल्या त्या भागातल्या लोकांना आठवत असेल. लोक काही रात्री बाहेर झोपले, मग धक्के थांबले आणि लोक घरात आले. त्या धक्क्यांत यांच्या माजघराच्या भिंतीला चीर गेली होती. चिरेतून माती गळायची, ती धान्यात पडायची. म्हणून कणकेची खळ करून त्यांनी त्या चिरेवर वर्तमानपत्र चिकटवलं. मित्राला हे आठवत नव्हतं. त्यांना खळीचं पातेलंसुद्धा आठवत होतं.

तो कागद मी तीन वेळा केला. म्हणजे पूर्ण विचार करून तीन नमुने केले आणि मामींपुढं ठेवले. नऊ-दहा महिन्यांचा कागद, खोलीत ऊन नाही म्हणून पिवळेपणा कमी, चूल पलीकडं म्हणून धूर बेताचा. खळीमुळं कसर लागलेली, एका कोपऱ्यात. अक्षरं वाचता येणार नाहीत, कारण वर्तमानपत्राचं अक्षर या मापात एक अष्टमांश मिलिमीटर होतं, नुसत्या करड्या ओळी दिसतात. मथळा मात्र दिसतो. कोणता मथळा लावायचा? मला काहीही सुचवता आलं असतं. पण मामींना वाचता येत नाही, कोणतं पान होतं ते त्यांना ठाऊक नाही. म्हणून मी बाजारभावाचं पान लावलं. ज्वारी, तूर, करडई.

कागदाच्या मधोमध एक उभी, बारीक सुरकुती आहे. खाली चीर असेल तर वरचा कागद तिथं किंचित आत दबतो. पाहणाऱ्याला ती दिसेलच असं नाही. मामींनी तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हितंच.”

माझ्या ओळखीतल्या काही जणांनी विचारलं, भूकंपाचं घर आहे तर पडलेलं का नाही दाखवलं? चीर मोठी का नाही दाखवली? त्यांना मी एवढंच सांगतो की पडलेलं घर दाखवायला मला मामींना विचारावं लागलं नसतं. जगातलं कुठलंही पडलेलं घर चाललं असतं, दगडांचा ढीग सगळीकडं सारखाच. मामींना लागत होतं ते वापरातलं घर. कुठं धूर बसायचा, कुठं दूध मोजायचं, कुठं खळ लावली. कागद जुना करणं म्हणजे माझ्या लेखी तो कोणी कसा वापरला ते दाखवणं. आणि ती चीर झाकलेलीच होती, म्हणून मीही झाकलेलीच ठेवली.

घर आता मामींकडं आहे, नव्या गावातल्या घरात, काचेच्या पेटीत. ते मी आज इथं आणणार होतो. मामी म्हणाल्या, रस्त्यात हादरेल. मी आग्रह केला नाही. फोटो बाहेर फलकावर लावले आहेत, जेवणाच्या रांगेत उभे राहाल तेव्हा बघा.

आता दोन कामं सांगतो आणि संपवतो. पहिलं काम सगळ्यांसाठी. आपल्या घरातले जुने कागद रद्दीत देण्याआधी मोबाईलवर त्यांचा एक फोटो काढून ठेवा. रेशनकार्ड, जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, दुकानाची पावती, बारदान्यावरचा शिक्का. कागद कुठल्या भिंतीवर होता आणि तिथं खिडकी कुठं होती, तेही लिहून ठेवा. घरातलं सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या. आपल्याकडं कागद ओळखणारी माणसं कागदाआधी जातात.

दुसरं काम शाळेसाठी. मुख्याध्यापक सरांशी बोलणं झालं आहे. दिवाळीच्या सुटीत सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन औशाचा किल्ला मापात करायचा, यंदा खंदकासकट. मला मदतीला चार-पाच जण हवेत. कागदाचा लगदा करता येणारं कुणी असेल तर उत्तम. आपल्या आज्या लगद्यात मेथी वाटून घालायच्या आणि सुपं-टोपल्या लिंपायच्या, कीड लागायची नाही. ती मेथी किती घालायची, हे ज्यांच्या घरात अजून विचारता येतं त्यांनी विचारून या. येताना हात मळले तरी चालतील असे कपडे घाला. चहा मिळेल. कोरा चहा कागदासाठी, दुधाचा माणसांसाठी.